एनीडेस्क की क्विक असिस्ट: सपोर्टवाल्याच्या हाती माउस देण्याआधी

टॅली अडो की प्रिंटर, आपल्याकडे सपोर्टवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "एनीडेस्क नंबर सांगा." दूर बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर बघायचं आणि चालवायचं श्टुटगार्टच्या (जर्मनी) कंपनीचं हे सॉफ्टवेअर अवघ्या काही एमबीचं, इन्स्टॉल न करताही चालणारं, धिम्या नेटवरही तग धरणारं. कामाला चोख आहे. घोळ होतो तो काम संपल्यावर.

डाउनलोड केलेली फाइल नुसती चालवली, तर खिडकी बंद केली की समोरच्याचा रस्ताही बंद. 'इन्स्टॉल' दाबलं की मात्र ते विंडोजबरोबर आपोआप सुरू होतं. त्यात सेटिंग्जमध्ये 'अनअटेंडेड अ‍ॅक्सेस'चा पासवर्ड घातला, की तुमच्या होकाराशिवाय कधीही आत शिरता येतं. काही सपोर्टवाले सोयीसाठी हा पासवर्ड स्वतःच घालून ठेवतात. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही, पण तोच पासवर्ड आणखी किती ग्राहकांकडे घातलाय ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. काम झालं की हा पर्याय बंद करा आणि तिथलंच 'क्लिअर ऑथरायझेशन टोकन्स' दाबा. दोन्ही करा, कारण समोरच्याने लॉगिन जतन करून ठेवलेलं असू शकतं.

समोरच्याची जोडणीची विचारणा आली की 'अ‍ॅक्सेप्ट' दाबण्याआधी त्याच खिडकीतल्या परवानग्या वाचा. फक्त दाखवायचं असेल तर 'स्क्रीन शेअरिंग' निवडा. क्लिपबोर्ड (म्हणजे कॉपी-पेस्ट) आणि फाइल ट्रान्सफर गरज नसेल तर काढा. 'प्रायव्हसी मोड' तर काढाच, त्याने तुमचीच स्क्रीन काळी होते. नंतर कोण कधी आलं ते पाहायचं, तर इन्स्टॉल केलेल्या एनीडेस्कची 'कनेक्शन ट्रेस' ही टेक्स्ट फाइल विंडोजच्या 'प्रोग्रॅमडेटा' या लपवलेल्या फोल्डरमधल्या एनीडेस्क फोल्डरमध्ये सापडते.

तंत्रज्ञाच्या पेनड्राइव्हवरची जुनी प्रत नको. फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीने आपल्याच सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि सॉफ्टवेअर आपलंच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल सहीचं प्रमाणपत्र बदललं. प्रत कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

घरच्या एकदाच्या कामाला विंडोजमधलं क्विक असिस्ट सरस. कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबलं की उघडतं. मायक्रोसॉफ्ट खातं मदत करणाऱ्यालाच लागतं. त्याने दिलेला सहा अक्षरी कोड तुम्ही टाकायचा, आणि माउस हवा असेल तर त्याला वेगळी परवानगी मागावी लागते. मागे पासवर्ड ठेवून जायची सोयच नाही. तोटा एवढाच, की अ‍ॅडमिनची परवानगी विचारणारी खिडकी आली की समोरच्याला काही दिसत नाही. तिथलं 'येस' तुम्हालाच दाबावं लागतं. आम्हाला तर हा गुणच वाटतो! पण ठगांना हेही चालतं. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच क्विक असिस्टमार्गे खंडणीचे व्हायरस घुसवणाऱ्या टोळीबद्दल इशारा दिला होता.

त्यामुळे फोन कुणी केला हे आधी पाहा. नंबर तुम्ही बिलावरून किंवा कंपनीच्या साइटवरून घेऊन लावला असेल तर पुढे जा. 'तुमच्या पीसीत व्हायरस आहे' असा फोन आपणहून आला, तर ठेवून द्या. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल खुणा दाखवून घाबरवणं ही जुनी चाल. त्या धडधाकट मशीनवरही शेकड्यांनी असतात.

सत्र चालू असताना बँकेचं पान, जीमेल, ओटीपी काही उघडू नका. मोबाइलवर तर एनीडेस्क घेऊच नका. यूपीआय खाती त्यातून रिकामी होतात म्हणून रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. शंका आली तर आधी राउटरची वायर उपटा, मग दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.