सुट्टीत काय करायचं: सातपूरची शिफ्ट, कॉलेज रोडचं काउंटर, सीएचं ऑफिस की पुण्याची कॉट?

शेवटचा पेपर झाला की ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज पडायला लागतात. एक, "रविवारी मिसळ, कोण कोण येतंय?" आणि दुसरा, "कुठे व्हेकन्सी असेल तर सांगा रे." दोन्ही टाकणारा पुष्कळदा एकच असतो. हे लिहितोय ते त्याच्यासाठी, त्यातही एसवाय (पदवीचं दुसरं वर्ष) संपवून टीवायला (तिसऱ्या वर्षाला) जाणाऱ्यांसाठी. मे अर्धा, जून पूर्ण आणि जमलं तर जुलैचे चार दिवस, एवढाच वेळ हातात असतो. तेवढ्यात थोडे पैसे कमवायचे असतात, रिझ्युमेवर एक ओळ वाढवायची असते आणि वर्षभर सबमिशनच्या नावाखाली न भेटलेल्या मित्रांना भेटायचं असतं.

नाशिकमध्ये राहून साधारण तीन वाटा दिसतात: सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कंपनी, कॉलेज रोड किंवा मेन रोडला दुकान, नाहीतर एखाद्या सीएचं ऑफिस. चौथी वाट म्हणजे बॅग भरून पुणे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पगार बघून निवडू नका, काम दिवसाचे कुठले तास खातं ते बघून निवडा. दीड-दोन महिन्यांत पगारातला फरक फार मोठा होत नाही. पण संध्याकाळ गेली की मित्र गेले, आणि सकाळ-दुपार गेली की पुढच्या नोकरीच्या मुलाखती गेल्या.

पैशात कंपनी पुढे, यात वाद नाही. सातपूरला महिंद्रा आणि बॉशचे कारखाने आहेत, आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी युनिट्स सातपूर, अंबड, पार सिन्नरपर्यंत पसरली आहेत. सुट्टीतल्या पोराला काम मिळतं ते बहुतेक या छोट्या युनिट्समध्ये. पॅकिंग, डिस्पॅच, मशीनवर हेल्पर, तपासणीच्या टेबलावर माल वेगळा करणं, असलं काम. घेतो तो ठेकेदार, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "किती दिवस थांबणार?" दोनच महिने म्हटलं की काही जण तिथेच नाही म्हणतात. तरी खरं सांगून विचारत राहावं, कारण मे महिन्यात गावाकडे लग्नाला गेलेल्या कामगारांच्या जागा भरायला त्यांनाही माणसं हवीच असतात.

आता हातात किती पडतं ते बघा. ठेकेदार "पंधरा" म्हणाला आणि ते सगळं पीएफसाठी धरलं, तर १५,००० वर १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये पीएफ जातो. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये. प्रोफेशनल टॅक्स २००. हातात उरले १२,८८७. मुलींना २५,००० पर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही, त्यामुळे त्यांच्या हातात दोनशे जास्त. कॅन्टीन आणि बसचे पैसे कापत असतील तर ते वेगळे. पीएफ बुडत नाही, यूएएन या तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर जमा राहतो आणि पुढच्या नोकरीत तोच नंबर चालतो. पण पगारातून पीएफ कापला आणि यूएएन दिलाच नाही, तर पहिल्या पगारालाच विचारा. सोडून गेल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.

शिफ्ट मात्र नीट विचारून घ्या. फर्स्ट मिळाली तर या चारही वाटांत ती सगळ्यात चांगली. सकाळी सातच्या आसपास आत, दुपारी साडेतीन-चारला बाहेर. घरी येऊन आंघोळ, तासभर झोप, आणि सहा वाजता तुम्ही गोदाघाटावर. मे महिन्यात घाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. संध्याकाळी फुकटात चांगली भाषणं ऐकायला मिळतात, आणि नाही आवडलं तर उठून पंचवटीत जिलबी खायला जाता येतं. सेकंड शिफ्ट मात्र सगळं उलटं करते. मित्र मोकळे होतात तेव्हा तुम्ही लाइनवर उभे, आणि तुम्ही सुटता तेव्हा मध्यरात्र झालेली, सिटीलिंक ही शहर बस बंद. कंपनीची बस आहे का, ती घरापासून किती लांब सोडते, हे मुलगा असो की मुलगी, आधी विचारावं. दर आठवड्याला शिफ्ट बदलणार असेल तर झोपेचं जे होतं ते होतंच, शिवाय कुठलाही कार्यक्रम ठरवणं अशक्य होऊन बसतं. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल, हेही गृहीत धरू नका.

दुकानाचं गणित नेमकं याच ठिकाणी फसतं. कॉलेज रोड, गंगापूर रोडचे कॅफे आणि कपड्यांची शोरूम्स ही मित्रांच्या भेटीची ठिकाणं, म्हणून तिथे काम म्हणजे मजा असं वाटतं. प्रत्यक्षात गर्दी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, म्हणजे तुमची ड्युटीही तेव्हाच. मित्र येतात, ऑर्डर देतात, तासभर हसतात. तुम्ही त्यांच्याच टेबलावरचे कप उचलता आणि मॅनेजर बघत असल्यामुळे दोन मिनिटंही बसता येत नाही. पैसेही कंपनीपेक्षा कमी, आणि पीएफ वगैरेचा विषय सहसा निघत नाही. तरी एक गोष्ट काउंटरच शिकवतं: अनोळखी माणसाशी न अडखळता बोलणं. ज्याला वर्गात प्रेझेंटेशनला उभं राहिलं की घाम फुटतो, त्याने सातपूर सोडून हेच घ्यावं. दुकानच करायचं तर जूनमधलं वह्या-पुस्तकांचं दुकान बघा. १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात, त्याआधीचे दोन-तीन आठवडे रविवार कारंजा, मेन रोडकडे वह्या-पुस्तकांच्या दुकानांना जास्तीचे हात लागतात. यादी हातात घेऊन इयत्तेप्रमाणे संच लावायचे, बिल करायचं. काम थोडक्या दिवसांचं, पण ज्याला जुलैपर्यंत अडकायचं नाही त्याला बरं.

बीकॉमवाल्यांनी मात्र ही दोन्ही सोडून सीएचं किंवा कर सल्लागाराचं ऑफिस धरावं, पैसे निम्मे मिळाले तरी. ऑफिसच्या कामाला हंगाम असतो आणि तो नेमका तुमच्या सुट्टीत येतो. ३१ मेपर्यंत टीडीएसचं (आधीच कापून घेतलेल्या कराचं) शेवटच्या तिमाहीचं रिटर्न, १५ जूनपर्यंत फॉर्म १६, म्हणजे पगारदाराला द्यायचं त्याच करकपातीचं प्रमाणपत्र, मग ३१ जुलैची पगारदारांच्या आयकर रिटर्नची मुदत. शिवाय दर महिन्याला जीएसटीची दोन रिटर्न असतातच: ११ तारखेला विक्रीचं जीएसटीआर-१ आणि २० ला कर भरण्याचं ३बी. तुम्हाला सुरुवातीला काय देतील? एका एक्सेलमध्ये व्यापाऱ्याचं खरेदी रजिस्टर, दुसऱ्यात जीएसटी पोर्टलवरून उतरवलेलं २बी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी), आणि दोन्हीतली बिलं जुळवायची. एकाचा बिल नंबर '०४५', दुसऱ्याचा '४५', म्हणून जुळत नाही. कुठे विकणाऱ्याने बिल दिलंय पण रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, मग त्याला फोन करायचा. कंटाळवाणं आहे, पण वर्षभर वर्गात न कळलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) या कामात आठवड्याभरात डोक्यात बसतं. वेळ दहा-साडेदहा ते सहा-सात. संध्याकाळ थोडी कापली जाते, पण शाबूत राहते. रविवार तर तुमचाच. फक्त ११ आणि २० तारखेच्या आधीच्या दिवसांत कुठला प्लॅन ठेवू नका.

कोर्समध्ये इंटर्नशिप किंवा ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) असेल तर ऑफिसचं पारडं आणखी जड होतं. एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटला १२० तास. रोज सहा तास धरले तरी वीस दिवसांत होतात. हे तास सुट्टीत मोजले जातील का, पत्राचा नमुना कुठला, हे काम सुरू करायच्या आधी कॉलेजला विचारा.

पुणे. तिथे आयटीच्या जागा आहेत, स्टार्टअप आहेत, आणि खरं सांगायचं तर निम्मे मित्रही तिथेच आहेत, बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलेले. त्यामुळे पुण्याला गेलं की काम आणि मित्र दोन्ही एका फटक्यात, असा हिशोब मनात होतो. पण अंतर २०० किलोमीटरच्या वर, थेट रेल्वे नाही, एसटी सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकते. कॉट बेसिसला, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घ्यायला, डिपॉझिट, मेसचे पैसे, रोजचं येणं-जाणं, आणि नोकरी अजून मिळालेलीच नाही. पुण्यातले मित्रही दिवसभर त्यांच्या कामात. म्हणून "तिथे जाऊन शोधू" हे या सगळ्यांत महाग पडतं. पहिल्या फेरीच्या मुलाखती आता बहुतेक ऑनलाइन होतात, त्या नाशिकच्या खोलीतून द्या. हातात पत्र असेल, तारीख असेल, तरच बॅग भरा. मुंबईचं तेवढं वेगळं आहे. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने नाशिक रोडहून निघून, मुलाखत देऊन, त्याच गाडीने रात्री घरी जेवायला परत येता येतं.

सरकारी योजनांवर सुट्टीचा भरवसा ठेवू नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० मिळतात, पीएम इंटर्नशिपमध्ये ती २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा ५,००० होते, पण शिक्षण चालू असलेल्यांना पहिली नाही आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तेव्हा दुसरीही नव्हती. टीवाय झाल्यावर बघा. आणि जिथे मुलाखतीआधी रजिस्ट्रेशन फी मागतात, किंवा हॉलमध्ये बसवून टाळ्या वाजवायला लावतात आणि "आधी तीन मित्र जोडा" म्हणतात, तिथून चहा न पिता उठा. तिथे नोकरी मिळत नाहीच, जोडलेले तीन मित्रही पुन्हा बोलत नाहीत.

निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना यातलं बरंच वाचून हसू येईल. एप्रिल-मेमध्ये घरचा उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायचा असतो, तिथे निवड कसली? त्यांनी जूनपासून ऑफिस किंवा वह्यांचं दुकान धरावं, ते जमतं.

काम कुठलंही घ्या, शेवटच्या आठवड्यात लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मागून घ्या. त्यात तारखा, कामाचं स्वरूप आणि सही-शिक्का हवा. कंपनीत ते ठेकेदाराच्या ऑफिसमधून मिळतं, गेटवरून नाही, आणि तिथे शेवटच्या दिवशी गेलात तर "साहेब बाहेर आहेत" ऐकावं लागतं. म्हणून चार दिवस आधीच जा.