घरच्या भाजीसाठी गादीवाफे: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

अकरा महिन्यांपूर्वी घरामागच्या मोकळ्या जागेत मी दोन गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच मातीचे वाफे, चौकट बांधून केले. एक लाकडी, ८ फूट लांब, ४ फूट रुंद, १ फूट उंच. दुसरा जस्त चढवलेल्या नालीदार पत्र्याचा, ६ फूट बाय ३ फूट, पण उंची २ फूट. बांधून झाले त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर मी नुसतं कौतुकच केलं असतं. आता त्यातून तीन वेळा भाजी घेऊन झाली आहे, एक वाफा अर्धा उपसून पुन्हा भरला आहे, तेव्हा सांगण्यासारखं बरंच आहे.

आमची जमीन चिकण. पाऊस झाला की पाणी बसून राहायचं, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, यायला आठ-दहा दिवस लागायचे आणि तो आला आला म्हणेपर्यंत माती विटेसारखी घट्ट व्हायची. गाजरं बोटभर वाढून त्यांना फाटे फुटायचे. या एका अडचणीवर गादीवाफ्याने पूर्ण मात केली. यंदा सलग तीन दिवस पाऊस लागला होता. तो थांबल्यावर दुसऱ्याच सकाळी मी लाकडी वाफ्यात पालक पेरला, तेव्हा शेजारच्या सपाट जमिनीत चप्पल रुतत होती. वाफ्यात कधीच पाय पडत नाही, त्यामुळे माती दाबली जात नाही. अकरा महिन्यांत कुदळ एकदाही लागली नाही, खुरप्यावर भागलं. चार फुटांपेक्षा रुंद वाफा मात्र करू नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचायला हवा, नाहीतर कधी ना कधी आत पाय टाकावाच लागतो. वाफा भिंतीला लागून असेल तर दोन-अडीच फूटच पुरे. दोन वाफ्यांमध्ये मी दीड फूट वाट ठेवली, ती कमी पडते. भरलेलं घमेलं घेऊन वळायला दोन फूट तरी पाहिजेत.

लाकडाबद्दल थोडक्यात. जुन्या, रसायन लावलेल्या फळ्या भाजीसाठी घेऊ नका. काही जुन्या लाकडाला क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकचं मिश्रण पाजलेलं असतं, रेल्वेच्या जुन्या स्लीपरांना क्रिओसोट हे डांबरी तेल असतं. पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या, फळ्या घेणार असाल तर शिक्का वाचा: ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं नकोच. मी साध्या, कोऱ्या फळ्या घेतल्या आणि बाहेरून कच्चं जवसाचं तेल लावलं. जमिनीला टेकलेली कड आताच काळवंडली आहे. नखाने दाबलं तर एका कोपऱ्यात मऊ लागते. चार-पाच वर्षं निघतील असं वाटतं, जास्त अपेक्षा नाही.

चूक झाली ती फळीच्या जाडीत. मी एक इंच जाडीच्या फळ्या वापरल्या. कोपऱ्यांना आतून खुंट्या ठोकून स्क्रू मारले, गुण्या लावून काटकोन तपासले, सगळं नेटकं झालं. पहिला मोठा पाऊस झाला आणि आठ फुटी बाजू मध्यभागी दोन इंच बाहेर फुगली. ३२ घनफूट माती म्हणजे सुमारे ९०० लिटर, भिजली की वजन टनाच्या घरात, आणि त्यातला बराच दाब बाजूंवर येतो. शेवटी मधोमध दोन्हीकडे बाहेरून खुंट्या मारल्या आणि आरपार एक लोखंडी पट्टी ताणून बसवली. वाफा रिकामा असताना हे दहा मिनिटांचं काम होतं. भरलेल्या वाफ्यात अख्खी सकाळ गेली. चार फुटांपुढची कोणतीही बाजू असेल तर फळी दीड-दोन इंच जाड घ्या, किंवा मधला आधार आधीच द्या.

आता माती, कारण गादीवाफ्याचं खरं काम तिथेच आहे. चौकट एका दिवसात होते, माती जमायला वर्ष लागतं. निचरा व्हावा म्हणून मी लाकडी वाफ्याच्या तळाशी तीन इंच विटांचे तुकडे आणि खडी पसरली. ऐकायला पटणारी गोष्ट आहे, पण उलटी आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. वरचा थर तळाशी पुरता भिजून चिंब झाला की मगच ठिबकायला लागतं. म्हणजे ओल थांबायची जागा मीच तीन इंच वर आणून ठेवली होती. चौथ्या महिन्यात गाजरं उपटली तर टोकं कुजलेली. मग अर्धा वाफा उपसून खडी काढली, खालची जमीन काटेरी फावड्याने वीतभर मोकळी केली आणि माती थेट जमिनीवर टेकू दिली. आता गांडुळं खालून वर येतात, मुळं खाली जातात. तळाला फक्त पुठ्ठा घातला, चिकटपट्टी आणि पिना काढून. त्याने खालचं गवत दबलं आणि दोन-तीन महिन्यांत पुठ्ठा विरघळूनही गेला.

पत्र्याच्या उंच वाफ्यात वेगळा घोळ झाला. ३६ घनफूट माती आणायची कुठून, म्हणून तळाचा निम्मा भाग ओंडक्यांनी आणि फांद्यांनी भरला. ती कल्पना चांगलीच आहे. पण फटी बुजवायला मी भुसा ओतला आणि तो वरच्या मातीतही मिसळला गेला. दोन महिन्यांत मिरचीची खालची, जुनी पानं पिवळी पडू लागली. कोरा भुसा कुजताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाडाला कमी पडतं. खोल पुरलेले जाड ओंडके असा त्रास देत नाहीत, बारीक भुसा देतो. मुरलेलं शेणखत आणि पातळ केलेलं द्रवखत देत गेले तेव्हा तीन आठवड्यांनी नवी पानं हिरवी आली.

आणि माती खचते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. लाकडी वाफा अकरा महिन्यांत अडीच इंच बसला, ओंडक्यांचा सहा इंच. सेंद्रिय भाग कुजून आटतो, त्याला इलाज नाही. दर हंगामाला वर दोन इंच कंपोस्ट पसरायचं, ढवळायचं नाही. सुरुवातीला निम्म्याहून जास्त कंपोस्ट घालण्याचा मोहही टाळा. साधी बागेतली माती निम्मी तरी असू द्या, म्हणजे वाफा कमी बसतो आणि ओलही धरून ठेवतो.

ओल हा दुसरा मोठा विषय. ज्या निचऱ्यासाठी हे सगळं केलं तोच निचरा उन्हाळ्यात अंगावर येतो. सपाट जमिनीला दोन-तीन दिवसांआड पाणी पुरायचं, या वाफ्यांना कडक उन्हात रोज लागतं. मधे चार दिवस बाहेर होते, परत येऊन भरपूर पाणी दिलं, आणि पुढच्या तोड्याला टोमॅटोची बुडं काळी, खोलगट. औषध शोधत बसले होते, पण तो रोग नव्हताच. पाणी कमीजास्त झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही, त्याचा तो परिणाम. तेव्हा ठिबकच्या दोन नळ्या टाकल्या आणि तीन इंच वाळलेल्या पानांचं आच्छादन केलं. त्यानंतरची फळं चांगली आली. आज मला निवड करायला सांगितली तर महागडी फळी सोडून आधी ठिबक बसवेन. पत्र्याच्या कडेची दोन-तीन इंच माती दुपारी चांगलीच तापते, आत फरक जाणवत नाही. म्हणून कोवळी रोपं कडेपासून वीतभर आत लावते.

दोन फूट उंचीची गरज होती का? पालक, मुळा, कोथिंबीर यांना एक फूट माती भरपूर होते, खालची जमीन मोकळी असेल तर टोमॅटोलाही. पण हा वाफा मी आईसाठी केला होता. गुडघ्यांमुळे तिने चार वर्षं मातीत हात घातला नव्हता. आता ती सकाळी स्टूल घेऊन शेजारी बसते, खुरपणी तिच्याकडेच असते. परवा मी विरळणी करायला गेले तर म्हणाली, “अगं, राहू दे ती रोपं, तुला घाई असते, मी करते निवांत.” मातीचे जादा ढीग, ओंडके ओढणं, सगळं त्या एका वाफ्यापुरतं वसूल झालं.

तुमची जमीन मुळातच भुसभुशीत असेल, निचरा चांगला असेल, वाकायला त्रास नसेल, तर चौकट बांधू नका. माती वीतभर चढवून नुसता गादीवाफा ओढा, काम होतं. मी तिसरा करते आहे तो ६ बाय ४, दीड फूट उंच, दोन इंची फळ्यांचा. नळी आधी अंथरली आहे, तळाला खडी नाही, आणि उंची आईने स्टुलावर बसून हाताने दाखवली आहे.