आर्गपार्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करायचं काम चालू आहे. स्कॅनरमधून निघालेल्या पानांना नावं देणं, आकार कमी करणं, अंकवार फोल्डरात लावणं यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सात-आठ लहान स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) लिहिल्या. त्या मी चालवतो आणि मी नसताना वाचनालयातल्या ताई चालवतात. चालवताना कमांडमागे लिहिलेली माहिती वाचायला आणि तपासायला त्यांत आर्गपार्स ही पायथनची लायब्ररी वापरतो.

आधी सगळा कारभार सिस.आर्गव्हीवर होता, म्हणजे कमांडमागचे शब्द फक्त क्रमावरून ओळखायचे. पहिला शब्द मूळ फोल्डर, दुसरा जिथे टाकायचं तो. एकदा ताईंकडून हे दोन उलटे दिले गेले आणि स्क्रिप्टने जुन्या फायली नव्यांवर लिहिल्या. ६४ पानं गेली. त्या अंकाचा कागद इतका जीर्ण आहे की हात लागला तरी कडा तुटतात. तो पुन्हा काचेवर पालथा घालताना जीव वर-खाली होत होता. दोष ताईंचा नव्हता, कोणता शब्द कशासाठी आहे हे न विचारणाऱ्या माझ्या स्क्रिप्टचा होता. त्याच रात्री आर्गपार्सकडे वळलो.

हे पायथनसोबतच येतं, २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून. याच कामाच्या क्लिक आणि टायपर या लायब्ररीही चांगल्या आहेत, पण त्या वेगळ्या टाकाव्या लागतात. वाचनालयातल्या संगणकाला इंटरनेट नाही. पेनड्राइव्हवरून एक फाइल नेली की काम सुरू व्हायला हवं. निवड तिथेच झाली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: ऑप्शनची, म्हणजे कमांडमागे `--` लावून द्यायच्या सूचनांची, नावं मराठीत देता येतात. `--मूळ`, `--कुठे`, `--पान`, `--चाचणी` अशी नावं सरळ चालतात आणि कोडमध्येही `पान` याच नावाने किंमत मिळते. त्याहून सुखद म्हणजे प्रकार `इंट` (पूर्णांक) ठेवला की `--पान २५` हे मराठी आकडेही घेतले जातात, कारण पायथनचा `इंट` देवनागरी अंक ओळखतो. ताईंचा कीबोर्ड मराठीवरच असतो. त्यांना आता भाषा बदलत बसावं लागत नाही.

चुकीचं काही दिलं तर एकाही फायलीला हात न लावता कार्यक्रम तिथेच थांबतो, आणि बाहेर पडताना चूक झाल्याची खूण म्हणून २ हा कोड देतो. त्यामुळे एकापाठोपाठ चालणाऱ्या स्क्रिप्टची साखळीही थांबवता येते. ६४ पानांनंतर मला हेच हवं होतं.

आता खाचखळगे, कारण त्यात माझे बरेच दिवस गेले. `--रंगीत` ला मी प्रकार `बूल` (खरं-खोटं) दिला होता. ताईंनी `--रंगीत नाही` असं लिहिलं आणि पूर्ण अंक रंगीत झाला! रिकामी नसलेली कुठलीही अक्षरं `बूल` ला खरीच वाटतात, मग तो शब्द ‘नाही’ का असेना. इथे `स्टोअर_ट्रू` हाच मार्ग: ऑप्शन लिहिला तर हो, नाही लिहिला तर नाही. पायथन ३.९ पासून हो-नाही अशी जोडी आपोआप करून मिळते, पण नकारासाठी मराठी नावापुढे इंग्रजी ‘नो’ चिकटतं, ते मला पटलं नाही.

दुसरा खड्डा अर्धवट नावांचा. `--चाचणी` ऐवजी `--चा` लिहिलं तरी ते समजून घेतं. सोय वाटली, सवय लागली. दोन महिन्यांनी मी `--चाळणी` हा ऑप्शन वाढवला आणि `--चा` म्हणजे नेमकं कोणतं, म्हणून ताईंच्या वहीत लिहून ठेवलेल्या सगळ्या कमांड अडल्या. आता प्रत्येक पार्सरमध्ये (कमांड वाचणाऱ्या भागात) `अलाव_अॅब्रेव्ह`, म्हणजे अर्धवट नावांची मुभा, बंद करून ठेवतो. हे पहिल्याच दिवशी करा, लोकांना सवय लागण्याआधी.

स्क्रिप्ट कशी वापरायची ते सांगणाऱ्या मदतीच्या मजकुरात ‘दर्जा ८५%’ असं लिहिलं होतं. स्क्रिप्ट महिनाभर उत्तम चालली, पण मदत मागितली की कोसळायची. टक्क्याचं चिन्ह तिथे दोनदा लिहावं लागतं. आणि रिझोल्यूशनसाठी ३०० व ६०० एवढेच आकडे मान्य केले होते, पण प्रकार सांगायचा राहिला. मग ३०० दिलं तरी ‘३०० किंवा ६०० निवडा’ हेच उत्तर! आत आलेलं ३०० हे अक्षरांच्या रूपात असतं, संख्या नसते, हे कळायला एक संध्याकाळ गेली.

मदतीचा तक्ता मराठीत सरळ दिसत नाही. काना-मात्रा वेगळी अक्षरं धरून रुंदी मोजली जाते, त्यामुळे रकाने वाकडेतिकडे होतात. चूक दाखवणारे संदेशही इंग्रजीतच येतात. ताईंना ते वाचायला त्रास होतो, म्हणून पार्सरचं `एरर` हे फंक्शन मी बदलून घेतलं. आता सुरुवातीची ओळ मराठी असते आणि खाली `--मदत` लिहून बघा असं सांगते. मूळची मदत बंद करून `--मदत` स्वतः जोडता येते, दोन ओळींचं काम आहे.

सध्या आठही स्क्रिप्ट एकाच फायलीत आणतोय, `नाव`, `आकार`, `लाव` अशा उपकमांड करून. `नाव` आणि `आकार` झाल्या. `लाव` मध्ये मूळ आणि कुठे हे दोन्ही ऑप्शन सक्तीचे ठेवले आहेत, आणि दोन्ही फोल्डर एकच निघाले तर ते पुढे जात नाही.