पेंटियम जी ७४०० की आय-थ्री १२१००? घरच्या पीसीसाठी दोन कोर आणि चार कोर

इंदूरला आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये घरच्या पीसीचं कोटेशन मागा. पहिला प्रश्न बजेटचा येतो आणि पाठोपाठ सल्ला येतो, "नेट ही चलाना है तो डुअल कोर बहुत है." हा सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण घरचा पीसी हल्ली नुसतं नेट चालवत नाही. मुलीचा ऑनलाइन क्लास, आईचं बँकेचं काम, बाबांची सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल शीट, सगळं एकाच मशीनवर असतं आणि मागे विंडोजचं अपडेट स्वतःहून सुरू झालेलं असतं. अशा घरासाठी दोन कोर (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) पुरतील की चार लागतील, हे ठरवायला इथे दोन प्रोसेसर घेतले आहेत: इंटेलचा पेंटियम गोल्ड जी ७४०० आणि कोर आय-थ्री १२१००.

हीच जोडी घेण्याला कारण आहे. दोन्ही बाराव्या पिढीचे, दोन्ही २०२२ च्या सुरुवातीला आलेले. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, एकच, एलजीए १७००. एकाच एच ६१० मदरबोर्डावर, त्याच रॅमसोबत दोन्ही बसतात आणि आतल्या कोरची रचनाही सारखी आहे. जुना दोन कोरचा आणि नवा चार कोरचा प्रोसेसर शेजारी ठेवला तर फरक पिढीमुळे पडला की कोरमुळे, हे सांगता येत नाही. इथे ती अडचण नाही.

जी ७४०० मध्ये दोन कोर आणि चार थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामं), वेग ३.७ गिगाहर्ट्‌झ, कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ६ एमबी, पॉवर ४६ वॉट. टर्बो, म्हणजे गरज पडली की वेग तात्पुरता वाढवण्याची सोय, नाही, त्यामुळे वेग तिथेच थांबतो. आय-थ्री १२१०० मध्ये चार कोर आणि आठ थ्रेड, मूळ वेग ३.३ पण टर्बोत ४.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत, कॅश १२ एमबी, पॉवर ६० वॉट आणि जोर लागला की ८९ पर्यंत. मूळ वेगाचा आकडा पाहून पेंटियमच वेगवान वाटतो आणि काउंटरवर तसं सांगितलंही जातं. प्रत्यक्षात साध्या कामात आय-थ्री जवळजवळ सतत टर्बोवरच असतो.

एका वेळी एकच काम असेल तर या दोघांत फार अंतर नाही. ३.७ आणि ४.३ मध्ये सुमारे १६ टक्क्यांचा फरक, आणि तोही वेगाचा, कोरच्या संख्येचा नव्हे. मराठीत पत्र टाइप करणं, मेल वाचणं, रेल्वेचं तिकीट काढणं, यूट्यूबवर कीर्तन लावणं यात पेंटियम कुठेही कमी पडत नाही. व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स करतं. पेंटियममधलं यूएचडी ७१० काय आणि आय-थ्रीमधलं ७३० काय, एव्ही १ पर्यंतचे फॉरमॅट दोन्हींना हार्डवेअरमध्ये येतात, त्यामुळे कोरवर ताण येत नाही.

दुसरं काम आलं की मात्र चित्र बदलतं. मुलगी व्हिडिओ क्लासमध्ये आहे, मागची खोली दिसू नये म्हणून बॅकग्राउंड ब्लर लावलाय, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे आहेत आणि तेवढ्यात डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसचं, स्कॅन सुरू झालं. कॅमेऱ्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये माणूस कुठला आणि भिंत कुठली हे ओळखायचं, ती फ्रेम आवळून पाठवायची, शिवाय समोरून येणारा आवाज काही मिलिसेकंदांच्या आत स्पीकरकडे पोचवायचा. दोन्ही कोर गुंतलेले असले की आवाजाच्या कामालाही रांगेत थांबावं लागतं. चित्र अर्धा सेकंद अडकलं तर डोळा चालवून घेतो, आवाज अडकला की लगेच कानाला बोचतो. म्हणून दोन कोरच्या मशीनवर पहिली तक्रार येते ती "सरांचा आवाज तुटतोय" अशी, आणि घरचे इंटरनेटला दोष देतात. वायफाय बदलूनही आवाज तुटतच असेल तर प्रोसेसरकडे बघा. चार कोरमध्ये स्कॅनने एखादा कोर धरला तरी उरलेले मोकळे असतात, एवढी साधी गोष्ट आहे.

पेंटियमलाही चार थ्रेड आहेतच की, असं दुकानात ऐकायला मिळेल. थ्रेड म्हणजे कोर नव्हे. एका कोरचे काही भाग क्षणभर रिकामे राहतात, तेवढ्या वेळात दुसऱ्या कामाचं थोडं उरकून घेण्याची ती सोय आहे. तिचा फायदा नक्की होतो, पण दोन कोर आणि चार थ्रेड हे चार खऱ्या कोरच्या जवळपासही जात नाहीत.

तरीही चार कोर म्हणजे दुप्पट वेग, असं धरून चालू नका. कामाचा किती भाग वाटून करता येतो यावर सगळं ठरतं. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब आजही तसाच लागू आहे. एका कोरवर १० मिनिटं घेणारं काम धरा. त्याचा निम्मा भागच वाटता येत असेल तर दोन कोरवर ते साडेसात मिनिटांत होईल आणि चार कोरवर सव्वासहा मिनिटांत. दुप्पट कोर घेऊन वाचलं जेमतेम सव्वा मिनिट. पण ९० टक्के भाग वाटता येत असेल तर दोन कोरवर साडेपाच मिनिटं आणि चारवर सव्वातीन. मुंजीचा व्हिडिओ छोटा करणं, सेव्हन-झिपने मोठं फोल्डर आवळणं, सी प्लस प्लसचा मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणं ही दुसऱ्या प्रकारची कामं. एक्सेलची सूत्रं २००७ च्या आवृत्तीपासून अनेक थ्रेडवर मोजली जातात, पण त्याच एक्सेलमधला मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, एकाच थ्रेडवर चालतो. बाबांची शीट मॅक्रोवर चालत असेल तर चार कोर घेऊनही ती फारशी हलणार नाही.

नवा पीसी घेण्याआधी जुन्यावर दहा मिनिटं खर्च करा. नेहमीचे सगळे प्रोग्राम उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर आणा आणि परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडा, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा वेगळा चौकोन दिसेल. मशीन अडकतं त्या क्षणी सगळे चौकोन भरलेले असतील तर कोर कमी पडताहेत. एकच चौकोन भरलेला आणि बाकीचे रिकामे असतील तर ते काम एका थ्रेडचं आहे, तिथे नवे कोर कामाला येणार नाहीत. एकूण आकड्याने फसायला होतं. एकच थ्रेड पूर्ण भरला तर चार थ्रेडच्या पेंटियमवर २५ टक्क्यांच्या आसपास दिसतं आणि आठ थ्रेडच्या आय-थ्रीवर १२-१३. आकडा लहान म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं समजू नका.

आणि सीपीयू ३० टक्क्यांवर, मेमरी ९० टक्क्यांच्या वर, डिस्क १०० टक्के असं दिसलं तर दोष प्रोसेसरचा नाहीच. मेमरी भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर टाकायला लागतं. ती डिस्क जुनी फिरणारी असेल तर विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना तिचा वेग सेकंदाला एखाद्या एमबीवर येतो. अशा मशीनमध्ये चार कोर टाकले तरी चारही जण डिस्कची वाट बघत बसतील. म्हणून पैसे लावायचा क्रम ठरवून घ्या: आधी एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क), मग १६ जीबी रॅम, मग चार कोर. आय-थ्री, ८ जीबी आणि हार्ड डिस्क असं कोटेशन कुणी दिलं तर त्यापेक्षा पेंटियम, १६ जीबी आणि एसएसडी हा पीसी रोजच्या वापरात चांगला चालेल. रॅम शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या. घरच्या पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून जागा घेतं आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुहेरी वाट मिळते. एच ६१० बोर्डावर बहुधा दोनच स्लॉट असतात, त्यामुळे पुढे ३२ जीबी करायची असेल तर या पट्ट्या काढाव्या लागतील, हे लक्षात असू द्या.

स्वस्तात मिळतो म्हणून याआधीच्या पिढीचा पेंटियम जी ६४०५ किंवा सेलेरॉन जी ५९०५ घेऊ नका. त्यांत एव्हीएक्स नावाच्या सूचनांचा संच नाही. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरच्या तयार आवृत्त्यांना १.६ पासून तो लागतो, म्हणजे मुलाने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ते टाकलं की इम्पोर्ट करतानाच एरर येईल. सेलेरॉनला तर दोन कोर आणि दोनच थ्रेड आहेत. जी ७४०० मध्ये एव्हीएक्स २ आहे. २०२४ च्या जानेवारीत आलेला इंटेल प्रोसेसर ३०० मिळाला तर तोही चालेल. दोन कोर, चार थ्रेड, ३.९ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे जी ७४०० च थोडा वेगवान.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती जुन्या मशीनच्या विक्रीत, "आय-फाइव्ह का पूरा सेट" या पाटीखाली. आय-फाइव्ह म्हणजे चार कोर, हे गृहीतच धरलेलं असतं. आय-फाइव्ह ६५० हा २०१० चा प्रोसेसर आहे आणि त्यात दोनच कोर आहेत. ऑफिसांतून निघालेल्या पुस्तकाएवढ्या छोट्या मशीनमध्ये आय-फाइव्ह ४५७०टी सापडतो, तोही दोन कोरचा. शेवटी टी दिसला की थांबून तपासा. लॅपटॉपमध्ये आय-सेव्हन ७५००यू सुद्धा दोन कोरचाच. उलट डेस्कटॉपच्या आय-थ्रीला आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या शेवटी आलेल्या ८१०० पासून, चार कोर मिळाले. त्याआधीचे सगळे दोन कोरचे. नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.

खऱ्या चार कोरचा जुना सेटही आज अडचणीचा आहे. आय-फाइव्ह ६५०० कामाला अजून दणकट आहे, पण विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून येतात आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होणार, त्यावर सुरक्षा अपडेट नसणं आम्हाला मान्य नाही. लिनक्स चालवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. कोर २ क्वाड मात्र कुणी फुकट दिला तरी नको. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत.

आय-थ्री ठरवलात तर बिलावर १२१०० लिहिलंय की १२१००एफ, हे पाहा. एफमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड न घेता तो बसवला तर पंखे फिरतात, दिवे लागतात, मॉनिटर काळाच राहतो आणि सगळे केबल बदलत बसतात. ट्रे प्रोसेसर, म्हणजे डब्याशिवायचा, थोडा स्वस्त पडतो. पण त्यासोबत कूलर नाही आणि वॉरंटी दुकानाच्या शब्दावर. डब्यातल्याला इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते. कूलर बसवण्याआधी डब्याच्या लेबलवरचा बॅच नंबर प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवरच्या नंबराशी जुळवून घ्या, एकदा पेस्ट लागली की तो दिसत नाही.

बसवताना पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे तिथे बोट लागता कामा नये. एखादी पिन वाकली की पीसी सुरू होतो पण रॅमची एकच पट्टी दिसते, आणि मग रॅम बदलण्यात दिवस जातो. सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ती मागतात. कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबायच्या, चार वेळा टक् असा आवाज यायला हवा. मग बोर्ड उलटा करून चारही टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का, हे बघायचं. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरका बसतो.

हे उष्णतेचं प्रकरण इंदूरात सोडून देण्यासारखं नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडलेली असते आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं असतं. तीच गरम हवा पुन्हा आत खेचली जाते. १२१०० चं तापमान १०० अंशांवर गेलं की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, म्हणजे ज्या टर्बोचे पैसे दिले तोच बंद. डब्यातला कूलर या प्रोसेसरला पुरेसा आहे, कॅबिनेटला मागून हवा निघायला जागा हवी आणि उन्हाळ्याआधी एकदा पंख्यातली धूळ काढायला हवी. पेंटियमचे ४६ वॉट या बाबतीत बरेच सोसणारे आहेत.

आमची शिफारस स्पष्ट आहे. घरात दोनपेक्षा जास्त माणसं पीसी वापरत असतील, ऑनलाइन क्लास असेल किंवा कुणी प्रोग्रामिंग शिकत असेल, तर १६ जीबी आणि एसएसडीसह आय-थ्री १२१०० घ्या. लोकमान्यनगर-सुदामानगरात एकटे राहणारे आजी-आजोबा, पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉल आणि वीज बिल भरणं, एवढाच वापर असेल तर जी ७४०० पुरे आहे. तिथे वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरला आणि यूपीएसला लावा. बजेट आज बसत नसेल तर पेंटियमने सुरुवात करून पुढे आय-थ्री टाकता येतो, त्याच बोर्डावर, रॅम आणि एसएसडी तीच ठेवून. तेव्हा १३१०० किंवा १४१०० घेणार असाल तर बोर्डाचं बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) आधी, पेंटियम बसलेला असतानाच, अपडेट करून घ्या. जुन्या बायोसचा बोर्ड नवा प्रोसेसर ओळखत नाही आणि मग अपडेटसाठी पुन्हा पेंटियमच लावावा लागतो, म्हणून काम होईपर्यंत तो विकू नका.