व्हर्च्युअल डिव्हाइसचं फझिंग: क्यूएमूतला फझर, हाताने लिहिलेलं टार्गेट की निक्स?

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटलं की चेहरा ओळखून हजेरी घेणारं ॲप, नाही तर कपाशीवरचा रोग ओळखणारं मॉडेल, हे जवळपास ठरलेलं. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला जागी राहणारी काही पोरं आता वेगळंच विचारतात: "सर, क्यूएमूचं फझिंग घेतलं तर जमेल का? टूल कोणतं धरायचं?" क्यूएमू म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा ओपन सोर्स प्रोग्रॅम, आणि फझिंग म्हणजे प्रोग्रॅमला आपोआप बनवलेलं वेडंवाकडं इनपुट देत राहून तो कुठे कोसळतो ते बघणं. हा आढावा अशा पोरांसाठी आहे. ग्राहकांची व्हर्च्युअल मशिन्स सांभाळणाऱ्या छोट्या टीमलाही तो उपयोगी पडेल.

व्हर्च्युअल मशीनला दिसणारं नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर, साउंड कार्ड हे सगळं म्हणजे होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, चालणाऱ्या एका प्रोग्रॅममधला सी कोड. गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत, रूट मिळालेला माणूस त्या डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये हवी ती किंमत लिहू शकतो. ती न तपासता वापरली गेली, तर गेस्टमधून होस्टच्या प्रोसेसमध्ये शिरायची वाट मोकळी होते. २०१५ मध्ये जाहीर झालेलं व्हेनम, म्हणजे सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला सीव्हीई-२०१५-३४५६ हा दोष, असंच होतं. फ्लॉपी कंट्रोलरच्या डेटा पोर्टवर आलेले बाइट ५१२ बाइटच्या बफरमध्ये साठतात आणि कमांड संपली की मोजणी शून्यावर यायला हवी. दोन कमांडच्या बाबतीत ती येत नव्हती. गेस्टने नुसते बाइट ढकलत राहायचं, बफर ओसंडणारच. ही चूक २००४ पासून कोडमध्ये पडून होती. क्यूएमूचा तोच कोड झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या इतर प्रणालींमध्येही वापरला जात असल्यामुळे सगळ्यांनाच धावपळ करावी लागली. आजकाल फ्लॉपी वापरतं कोण, असं म्हणून सुटकाही नव्हती. काही रचनांमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह जोडला नसला तरी कंट्रोलरचा कोड जिवंत राहायचा.

अशा चुका शोधायला तीन वाटा खऱ्या अर्थाने उपलब्ध आहेत, आणि एक चौथी, जिला मी फार जागा देणार नाही.

क्यूएमूतलाच जनरिक फझर

२०२० मध्ये क्यूएमूच्या सोर्समध्ये लिबफझर या तयार फझिंग लायब्ररीवर बांधलेला फझर आला. त्याच वर्षाच्या शेवटी ५.२ आवृत्तीत 'जनरिक-फझ' हे टार्गेट (फझरचं इनपुट तपासायच्या कोडपर्यंत पोचवणारा भाग) मिळालं. बोस्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी त्यामागची कल्पना मॉर्फझ या नावाने २०२२ च्या युजनिक्स सिक्युरिटी परिषदेत मांडली. यात गेस्ट ऑपरेटिंग सिस्टिम नसतेच, सीपीयूही सूचना चालवत नाही. फझर आणि क्यूएमू एकाच प्रोसेसमध्ये असतात. फझरने दिलेल्या बाइटच्या माळेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा अर्थ 'या पोर्टवर लिही', 'या पत्त्यावरून वाच', 'घड्याळ पुढे ढकल' असा लावला जातो.

खरी खुबी डीएमएत, म्हणजे डिव्हाइसने मेमरी थेट वाचण्या-लिहिण्यात, आहे. आजची बरीचशी डिव्हाइस रजिस्टरमधून फक्त पत्ता घेतात आणि पुढचा डेटा गेस्टच्या मेमरीतून स्वतः वाचतात. नुसती रजिस्टरं बडवली तर डिव्हाइस शून्यांनी भरलेली मेमरी वाचून गप्प बसतं. जनरिक-फझ डिव्हाइसच्या मेमरी वाचण्यावरच नजर ठेवतो आणि वाचायच्या ऐन क्षणी त्या जागी फझरचा डेटा भरतो. पाणी कोणत्या वाफ्याशी आलंय ते बघून तेवढंच दारं मोडणाऱ्या माणसासारखं त्याचं काम. डिस्क्रिप्टरची (डिव्हाइससाठी मेमरीत ठेवलेल्या कामाच्या नोंदीची) रचना त्याला माहीत नसते, तरी पुढच्या पत्त्याच्या मागे तो जाऊ शकतो.

सुरुवात सोपी आहे: क्लँग कंपायलर, कॉन्फिगर करताना फझिंग आणि सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) चालू, टार्गेट लिस्टमध्ये फक्त आय३८६ किंवा एक्स८६-६४. टार्गेट लिस्ट मर्यादित ठेवा, कारण सगळी आर्किटेक्चर्स बिल्ड करायला गेलात तर ८ जीबीच्या लॅपटॉपवर लिंकिंगच्या वेळी स्वॅप भरून मशीन हातातून जातं. मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून डिव्हाइस आणि त्याच्या मेमरी रीजनचं नाव द्यायचं, झालं. सी ची एक ओळही लिहावी लागत नाही. डब्ल्यूएसएल-२ मध्येही, म्हणजे विंडोजच्या आतल्या लिनक्समध्येही, हे चालतं. हॉस्टेलवर विंडोज लॅपटॉपच असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

सॅनिटायझर टाळू नका. बफरच्या बाहेर चार बाइट लिहिले म्हणून प्रोग्रॅम लगेच कोसळेलच असं नसतं. ॲड्रेस सॅनिटायझर मात्र तिथल्या तिथे थांबवून फंक्शनचं नाव आणि ओळ हातात देतो. वेग साधारण निम्म्यावर येतो आणि मेमरीही बरीच जास्त लागते. तरी माझ्या मते हा सौदा स्वस्तातला आहे.

आता या वाटेचा सगळ्यात मोठा फायदा, आणि माझं मत बहुतांशी यावरच बेतलेलं आहे: सापडलेला क्रॅश दुसऱ्याला दाखवता येतो. क्रॅशची फाइल परत चालवली की फझर प्रत्येक कृती क्यूटेस्ट या क्यूएमूच्या चाचणी-यंत्रणेच्या साध्या मजकुरी कमांडमध्ये लिहून देतो. क्यूएमूच्या सोर्समध्येच एक पायथन स्क्रिप्ट आहे. ती डीएमएचा डेटा ज्या कमांडमुळे वाचला गेला, तिच्या आधी नेऊन बसवते. दुसरी स्क्रिप्ट एकेक ओळ काढून बघते आणि क्रॅश टिकून राहील एवढंच ठेवते. शेवटी उरतात थोड्याच ओळी. पहिल्या काही जवळजवळ नेहमी सारख्याच: सीएफ८ पोर्टवर पीसीआय डिव्हाइसचा पत्ता, सीएफसीवर बेस ॲड्रेस, पुन्हा सीएफ८, मग कमांड रजिस्टरमध्ये मेमरी आणि बस-मास्टर चालू. खरी भानगड त्यानंतरच्या दोन-चार ओळींत. हा मजकूर साध्या क्यूएमूला पाइपने दिला की कोणाच्याही मशीनवर तोच क्रॅश उभा राहतो. मेंटेनरला, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याला, तुमचा फझर बिल्ड करावा लागत नाही, आणि व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही समोर दाखवता येतं.

उणीव कुठे? प्रत्येक इनपुटनंतर मशीन मूळ स्थितीवर आणावं लागतं. आधी त्यासाठी प्रोसेस फोर्क व्हायची, म्हणजे तिची प्रत निघायची, २०२३ पासून मशीन रीबूट होतं. गुंतागुंतीच्या मशीनवर तो वेळ जाणवतो. आणि हँडशेकच्या ठरलेल्या पायऱ्या ओलांडल्यावरच उघडणारा कोड योगायोगाने उघडायला फार वाट बघावी लागते. शिवाय लिबफझरच्या मूळ लेखकांनी त्याचं नवं काम थांबवलंय. बग दुरुस्त होतात, नवी वैशिष्ट्यं येत नाहीत.

टार्गेट हाताने लिहायचं

ही उणीव भरून काढायला त्याच चौकटीत डिव्हाइससाठी खास टार्गेट लिहिता येतं. व्हर्टिओ-नेट, व्हर्टिओ-स्कझी, व्हर्टिओ-ब्लॉक या खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेल्या डिव्हाइसची अशी टार्गेट्स क्यूएमूत आहेतच. ती आधी फीचर निगोशिएशन (कोणत्या सुविधा वापरायच्या ते ठरवणं) उरकतात आणि क्यू लावून घेतात, मग फझरचे बाइट थेट क्यूमध्ये सोडतात. दारातली वाट बघणी संपते.

किंमत तुमच्या वेळेची. डिव्हाइसचं स्पेसिफिकेशन वाचावं लागतं, लिबक्यूओएस ही क्यूएमूची चाचणी-लायब्ररी समजून घ्यावी लागते, सी लिहावी लागते. धोकाही आहे: स्पेसिफिकेशनप्रमाणे नीट वागणारं टार्गेट लिहिलंत, तर नीट न वागणाऱ्या गेस्टकडून जे बग निघतात तेच निसटतील. म्हणून हे पहिल्या सेमिस्टरला घेऊ नका. जनरिक-फझ आधी चालवा, कव्हरेजचा, म्हणजे कोणता कोड चालला याचा, रिपोर्ट काढा, कोणती फंक्शन्स कोरी राहिली ते बघा आणि त्यांच्यासाठीच टार्गेट लिहा. प्रोजेक्टमध्ये स्वतःचं काम दिसायला हवं असेल, तर ते इथे दिसतं.

निक्स

रूर युनिव्हर्सिटी बोखुममधल्या मंडळींचं निक्स हे फझिंगचं टूल २०२१ च्या युजनिक्स सिक्युरिटीत आलं. यात अख्खा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो, इंटेल पीटी या हार्डवेअर सुविधेने कव्हरेज मोजलं जातं, आणि प्रत्येक इनपुटनंतर स्नॅपशॉटवरून मशीन झटपट मागे आणलं जातं. सोर्स कोड नसलेला हायपरव्हायझर फझ करायचा असेल, तर हे वैभव दुसरीकडे सहज मिळत नाही.

पण कॉलेजच्या लॅबमध्ये ते उभं करून बघा. कव्हरेजसाठी इंटेल प्रोसेसरच हवा, तोही स्कायलेक म्हणजे सहाव्या पिढीचा किंवा नंतरचा. रायझनचे पीसी इथेच बाद. केव्हीएमला पॅच लावलेला कर्नल हवा, म्हणजे लॅब असिस्टंटकडून मशीन मोकळं करून घेणं आलं. डब्ल्यूएसएल किंवा भाड्याच्या साध्या क्लाउड मशीनवर ही जुळणी होत नाही. आणि सापडलेला क्रॅश निक्सच्या चौकटीबाहेर उभा करून दाखवणं हे स्वतंत्र काम आहे. एक मशीन आणि एक वर्ष एवढंच हातात असेल, तर माझा सल्ला सरळ नकाराचा. सोर्स नसलेल्या हायपरव्हायझरवर काम करणाऱ्या टीमने मात्र मशीन विकत घेऊन हेच धरावं.

चौथी वाट म्हणजे गेस्टच्या आतून आंधळा मारा, जसा २०२० च्या हायपर-क्यूबने केला: एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम बूट होते आणि डिव्हाइसवर धडाधड लिहीत सुटते. कव्हरेज बघायचंच नाही, त्यामुळे कोणत्याही हायपरव्हायझरवर चालतं. शिकायला मजा येते, पण क्रॅश आल्यावर नेमक्या कोणत्या लिखाणाने आला हे शोधताना दमछाक होते.

लाइट, उन्हाळा आणि डिव्हाइसची निवड

फझर दिवसरात्र चालवायचा असतो, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे असताना लॅपटॉपचा सीपीयू स्वतःच वेग उतरवतो. डेस्कटॉप वापरा, आणि आकडे रात्रीच्या आणि दुपारच्या फेऱ्यांचे वेगवेगळे नोंदवा, नाही तर रिपोर्टमधली तुलना खोटी ठरेल. लाइट गेल्याची फार धास्ती नको. लिबफझर कामाचं इनपुट सापडताच कॉर्पस, म्हणजे जमवलेल्या इनपुटांच्या, डिरेक्टरीत लिहितो. लाइट आली की तीच डिरेक्टरी देऊन पुन्हा सुरू करायचं. अधूनमधून मर्ज करून, म्हणजे नवं काही न देणारी इनपुटं गाळून, कॉर्पस आटोपशीर ठेवा.

डिव्हाइस निवडताना जुन्या ओळखीच्यांच्या मागे लागू नका. ई१०००ई, फ्लॉपी, एसी९७ यांच्यासारख्या डिव्हाइसवर गूगलची ओएसएस-फझ ही ओपन सोर्स प्रोग्रॅम फझ करणारी सेवा वर्षानुवर्षं मशिन्स जाळतेय, तिथे तुमच्या एका पीसीला काय उरणार? नव्याने आलेलं बघा: क्यूएमू ८.० मधलं आयजीबी नेटवर्क कार्ड, ८.२ मधलं यूएफएस (स्टोरेज) किंवा व्हर्टिओ-साउंड. व्हीहोस्ट-यूजरवाली डिव्हाइस सोडा. त्यांचं खरं काम दुसऱ्या प्रोसेसमध्ये होतं आणि फझरला ते दिसत नाही.

रिझ्युमेवर सीव्हीई नंबर यावा ही इच्छा बोलून दाखवली जाते, म्हणून क्यूएमूचं धोरण आधीच वाचून ठेवा. सुरक्षेचा दोष म्हणून तोच बग धरला जातो, जो केव्हीएमसारख्या हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशनच्या वापरात बसतो. निव्वळ इम्युलेशनसाठी असलेल्या एखाद्या जुन्या एआरएम बोर्डावरच्या डिव्हाइसमधला बफर ओव्हरफ्लो हा साधा बग. तो गिटलॅबवर उघडपणे नोंदवायचा. व्हर्च्युअलायझेशनच्या वापरातला असेल तर आधी सिक्युरिटी टीमला खाजगीत कळवायचं. दोन्ही वेळा पाठवण्याआधी तो मास्टर शाखेच्या ताज्या बिल्डवर पुन्हा उभा राहतो का ते बघा, आणि सोबत त्या मोजक्या क्यूटेस्टच्या ओळी, क्यूएमूची पूर्ण कमांड लाइन आणि सॅनिटायझरचा स्टॅक ट्रेस जोडा.