वॉर्डाच्या इलेक्शनला चेक कुणाला द्यायचा, पक्षाला की अपक्षाला?

महापालिकेचं इलेक्शन आलं की वर्गणी मागायला दोघंही येतात, पक्षाचे कार्यकर्ते पण आणि चार सोसायट्यांनी मिळून उभा केलेला अपक्ष पण. समजा तुमची पाच-दहा हजार द्यायची तयारी आहे, तर कुणाला द्यायचे?

नुसता टॅक्स बघाल तर पक्ष पुढे. इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये असाल आणि चेकने किंवा ऑनलाइन दिलेत तर करपात्र उत्पन्नातून पूर्ण रकमेची वजावट मिळते, कॅशला नाही, आणि उमेदवाराला दिलेल्या पैशावर तर काहीच नाही. फक्त कुणी म्हणालं की चेक द्या, कमिशन कापून कॅश परत करतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा, असल्या बोगस देणग्यांवर इन्कम टॅक्सच्या धाडी पडल्यात.

हिशोबाचं मात्र उलटं आहे आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच. २० हजारांपर्यंतच्या देणग्यांची नावं पक्षाला जाहीर करावी लागत नाहीत. इलेक्टोरल बॉण्ड, म्हणजे नाव जाहीर न होता पक्षाला देणगी द्यायचे रोखे, सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, चांगलंच झालं, पण तुमच्या चौकातल्या फ्लेक्सचे पैसे बिल्डरने दिले की ठेकेदाराने हे बॉण्ड रद्द होऊनही कळत नाही, आणि उद्या महापालिकेचे खर्च मंजूर करणाऱ्या स्थायी समितीत टेंडरवर हात वर करणारा नगरसेवकच असतो ना! खर्चाचे नियम तसे सगळ्याच उमेदवारांना आहेत, चहा, वडापाव, स्पीकरची रिक्षा सगळ्याचं दरपत्रक निघतं, रोजचा खर्च लिहावा लागतो आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. पण अपक्षाच्या मागे पक्षाची तिजोरी नसते, त्यामुळे तुमचे पाच हजार कुठे गेले हे त्याला समोर बसवून विचारता येतं.

आता निवडून येण्याचं. मुंबईत २२७ वॉर्ड, प्रत्येकी एकच नगरसेवक, तिथे ओळखीचा अपक्ष पायी फिरूनसुद्धा टक्कर देऊ शकतो, मी मुंबईत असतो तर डोळे झाकून त्यालाच दिले असते. पुण्यात बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकट्याने एवढ्या घरी पोचायचं म्हणजे दमछाक, आणि पक्षाचं पॅनल चौघांत खर्च वाटून घेतं. त्यामुळे पुण्यात अपक्षांनी आपलं पॅनल केलं असेल तरच पैसे द्या, आणि ते उमेदवाराच्या इलेक्शन खर्चाच्या खात्यातच टाका, पावती घेऊन.