मामाचा पलंग, जुना बाजार की पॅलेटचा सोफा?

अकरा महिन्यांचा करार झाला, डिपॉझिट भरून खातं रिकामं झालं आणि समोर मोकळा वन बीएचके. सगळं नवंकोरं घ्यायचं नाही एवढं ठरलं असेल, तर तीन वाटा उरतात. नातलगांकडून किंवा शेजारून फुकट मिळणारं आणायचं, दुसऱ्याने वापरलेलं विकत घ्यायचं किंवा स्वतःच्या हाताने टाकाऊतून टिकाऊ करायचं. तिन्ही वाटा मी तुडवल्या आहेत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलेली तिसरी सगळ्यात गोड दिसते. फसवतेही तीच.

आधी फुकटचं बघू. माझ्या मामाने कोल्हापूरहून पलंग दिला, सागवानी, पितळी कड्यांचा. एक पैसा घेतला नाही. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, आणि छोटा हत्तीवाला भाडं सांगतो ते जाऊन-येऊन दोन्ही खेपांचं, कारण परत त्याला रिकामंच जायचं असतं. पुण्याला माल टाकून रिकामी परतणारी गाडी मिळाली तर भाडं बरंच उतरतं, पण त्यासाठी आठवडाभर फोन करत बसावं लागतं. पलंग पोचला तर त्याचं डोक्याकडचं फळकूट लिफ्टमध्ये जाईना. मग जिन्याने तिसरा मजला, हमालाचे वेगळे. मग पॉलिशवाला. मग गादी. बाजारात तयार गाद्या 72 बाय 36 किंवा 78 बाय 72 इंच अशा ठरावीक मापांच्या. मामाचा पलंग कुठल्या सुताराने कुठल्या हिशेबात केला होता देव जाणे. शेवटी पिंजाऱ्याकडून कापसाची गादी भरून घेतली.

एवढ्या पैशात जुन्या बाजारात पलंग आला असता का? आला असता, थोडे उरलेही असते. शिवाय फुकटच्या वस्तूबरोबर देणाऱ्याची नजरही घरात येते. मामी आली की आधी पलंगावरचा ओला टॉवेल उचलते. आणि नको झाला म्हणून तो विकायची सोय नाही.

तरी त्या पलंगाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. सागाच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सालीजवळच्या फिकट लाकडाला मात्र हे लागू नाही. जुन्या कामात सांधे खाचेत बसवून पाचर मारलेले असतात. पाचर ठोकून काढली की पलंग सुटा होतो, दुसऱ्या घरात पुन्हा उभा राहतो. त्यामुळे लांबच्या फुकटच्या वस्तूला हो म्हणण्याआधी दोनच प्रश्न विचारा: ती सुटी होते का, आणि टेंपो किती घेणार.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ज्याला हवं त्याने न्यावं’ असा निरोप पडतो, त्याची गोष्ट वेगळी. तिथे टेंपोचा प्रश्नच नाही. दहा मिनिटांत हो म्हणा, नंतर विचार करा.

आता विकतचं. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरत आलाय. मुंबईकरांना ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे, चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे. तिकडे शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. फोनवरच्या जाहिरातींत बदली झालेल्यांचं सामान बरं मिळतं, कारण त्यांना तारीख गाठायची असते आणि तुम्हाला नसते. घासाघीस होते ती या फरकावर.

या वाटेवर कष्ट पैशांपेक्षा डोळ्यांना जास्त. ‘सागवान आहे ताई’ हे प्रत्येक जण म्हणतो. फळीच्या वरच्या बाजूच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर लाकूड अखंड; कडेला पट्टी चिकटवलेली दिसली तर आत काय आहे ते खण उलटा करून बघा. आत भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड निघाला तर मी घेत नाही, कितीही स्वस्त असो. त्यात स्क्रू एकदाच नीट बसतो. उघडून पुन्हा जोडलं की भोकं सैल होतात, आणि पाणी लागलं की कडा फुगतात त्या फुगतात. नवा असताना तो चालतो, तिसऱ्या मालकाकडे नाही. प्लायवुडचं तसं नाही, ते थर पाहून घ्यावं. लाकडात टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर आत कीड जिवंत आहे.

लोखंडी कपाटाला मात्र डोळे झाकून हो म्हणावं. अगदी डोळे झाकूनही नाही, वाकून खालचा पत्रा बघावा, गंज तिथून चढतो. कुलूप चालतं का तेही पाहा. बाकी पोचे आले, रंग उडाला, तरी काही बिघडत नाही. वाळवी नाही, दमटपणाने फुगणं नाही. तेच कपाट कुणी फुकट देत असेल आणि गावातल्या गावात असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

गादी, उशा आणि कापडी सोफा या तिन्हींना माझी सरसकट ना आहे, फुकट असो वा विकत. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने जगतात. गच्चीत दोन दिवस ऊन दाखवून शिवणीतले मरतील याची खात्री नाही.

उरलं टाकाऊतून टिकाऊ. पॅलेटचा सोफा फोटोत देखणा दिसतो म्हणून मीही केला. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि शिक्का असतो. एचटी म्हणजे लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एमबी घरात आणू नका. फळ्या फुकट मिळाल्या, पण चार शनिवार-रविवार घासण्यात गेले, पॉलिश पेपर संपले, आणि वरच्या फोमच्या गाद्या व कव्हरं शिवायला जे गेले त्यात जुन्या बाजारात वेताच्या दोन खुर्च्या आल्या असत्या. घर बदलताना तो वॉचमनकाकांना दिला. त्यांनीही तो एका पावसाळ्यात जळणाला वापरला.

पण छोट्या वस्तूंत ही वाट दोन्हींना मागे टाकते. पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड भंगारवाला किलोवर विकतो. त्यावर फळी टाकली की लिहायचं टेबल तयार. गळकं घंगाळ बाल्कनीत कुंडी होतं. आईच्या जुन्या साड्यांचे पडदे होतात, आणि विरलेल्या असतील तर गोधडी. यात हत्यारं लागत नाहीत, चुकलं तरी नुकसान नाही.

एक सावधगिरी. जुन्या रंगवलेल्या दारा-खिडक्या किंवा स्टुलं घासायला घेऊ नका, निदान कोरडी तर नाहीच. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2016 चा, आणि लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ रांगत्या मुलाच्या हातातून थेट तोंडात जाते.

तर मोकळ्या वन बीएचकेत आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी पलंग आणि टेबल जुन्या बाजारातून आणेन, लोखंडी कपाट ग्रुपवर येण्याची वाट बघेन, गादी नवी घेईन, पडदे साड्यांचे करीन. कपडे महिनाभर बॅगेत राहिले तरी चालतं. मामाचा पलंग? तो तिसऱ्या घरात आलाय. इथली लिफ्ट मी आधीच मोजून ठेवली होती.